पोटाचं पोटात ठेवून चालणार नाही

प्रति,
संशोधनाच्या निधीवर ज्यांच्या मताने शिक्कामोर्तब होतं, त्या सर्व लोकप्रतिनिधींना

सप्रेम नमस्कार.

गेल्या अधिवेशनात आम्ही सात जण तुमच्यापैकी एका सदस्यांना भेटायला आलो होतो. भेट ठरली होती अकराची आणि आम्ही नऊलाच इमारतीत हजर. एवढी घाई का, तर स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे, त्याला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे मागायची, हे पाहून ठेवल्याशिवाय आमच्यापैकी कुणालाही नव्या जागी स्वस्थ बसवत नाही. आमची ही टेहळणी सुरक्षारक्षकाला खटकली असणार. त्याने दोनदा येऊन विचारलं, "काय शोधताय?" खरं उत्तर द्यायला सातांपैकी एकही जण धजावला नाही. पोटाच्या आजारांच्या संशोधनासाठी पैसे मागायला निघालेली माणसं आम्ही, आणि शौचालय कुठे आहे हे मोठ्याने विचारायचीही लाज!

हे पत्र त्या लाजेबद्दल आहे, आणि तिच्यामुळे तुमच्या अर्थसंकल्पात लिहायची राहून गेलेल्या रकमेबद्दल.

आम्हाला दहा मिनिटं मिळाली होती. पहिली पाच नेहमीसारखीच गेली. आम्ही निवेदन दिलं, सदस्यांनी ते वरवर चाळलं, स्वीय सहायकांनी पोच दिली, आणि मग ताणतणाव कमी करा, वेळेवर जेवा, असा आपुलकीचा सल्ला आला. आमच्यात एक ताई होत्या. त्यांचं जठर अन्न पुढे ढकलत नाही, म्हणून लहान आतड्यात बसवलेल्या नळीतून त्यांना द्रव अन्न दिलं जातं. खांद्याला अडकवलेल्या पिशवीत त्याचा पंप असतो. तर पाचव्या मिनिटाला तो पंप टीं टीं करू लागला. सदस्य हसून म्हणाले, "घ्या ना फोन, काही हरकत नाही." ताईंनी पिशवीची चेन उघडली, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "फोन नाही साहेब, माझं जेवण आहे."

उरलेल्या पाच मिनिटांत आमचं जेवढं ऐकून घेतलं गेलं, तेवढं आधीच्या सहा वर्षांच्या निवेदनांना जमलं नव्हतं.

खरी गोष्ट तर पुढेच घडली. निघताना सदस्यांनी मला दाराशी थांबवलं आणि आवाज अगदी खाली आणून सांगितलं, की त्यांनाही कित्येक वर्षं पोटाचा त्रास आहे. सभागृहात लांबलचक चर्चा असेल त्या दिवशी ते सकाळपासून काही खात नाहीत. घरीसुद्धा फारसं कुणाला माहीत नाही. मी त्यांचं नाव कुठेही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांच्या हातात तरतूद आहे तेच दाराआड कुजबुजत असतील, तर आमचा आवाज सभागृहात पोचायचा कसा?

माझा हा अंदाज हवेतला नाही. २०२१ मध्ये एक मोठं जागतिक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. ३३ देश, ७३ हजारांहून अधिक माणसं. विषय होता पूर्वी ज्यांना 'फंक्शनल' म्हणत ते पचनविकार, म्हणजे तपासणीत अवयव ठीक दिसतो पण काम बिघडलेलं असतं असे: आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा जुनाट विकार), जुनाट बद्धकोष्ठता, अपचन, गिळताना घशात अडकणं, अशी मोठी यादी. इंटरनेटवर ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक लोकांना यांतला निदान एक विकार होता. घरी जाऊन, समोर बसून जिथे प्रश्न विचारले गेले, तिथे हाच आकडा सुमारे २१ टक्क्यांवर आला. दोन्हीकडचे देश बरेचसे वेगळे होते, पद्धत वेगळी होती, तेव्हा ही तुलना जपूनच करायला हवी. पण आम्हा रुग्णांना त्या फरकात काहीतरी फार ओळखीचं दिसतं. पडद्यासमोर एकटा बसलेला माणूस खरं सांगतो. समोर पाहुणा बसला की "तसं काही विशेष नाही" म्हणतो.

आता तुमच्या सभागृहातल्या खुर्च्या मोजा आणि यांतला कुठलाही आकडा लावून पाहा. तुमची संख्या किती निघते, हे मला सांगायची गरज नाही.

मराठीत पोट कुठे नाही? पोटापाण्याचा प्रश्न असतो, कुणाच्या पोटावर पाय येतो, आपण चुका पोटात घालतो, दुसऱ्याचं बरं झालं की पोटशूळ उठतो, आणि मी हे पत्र लिहिते आहे तेही पोटतिडकीनेच. पण खुद्द पोटच बिघडलं की एवढी बोलकी भाषा मुकी होते. छातीत दुखतंय म्हटलं की माणसं गाडी काढतात. दिवसातून बारा वेळा जावं लागतं म्हटलं की ओठ दाबून हसतात, नाहीतर विषय बदलतात. लाजेचा असा हिशेब कुणी मांडत नाही, पण तो चुकवावा लागतो. जो आजार चारचौघांत बोलला जात नाही त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. मोर्चा नाही म्हणून बातमी नाही, बातमी नाही म्हणून प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न नाही. मग अंदाजपत्रक करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, मागणीच नाही.

माझ्यापुरतं सांगते. माझा आजार गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठराची गती मंदावणं. ताईंना आहे तोच, फक्त मी बऱ्याच अलीकडच्या टप्प्यावर आहे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे मी जरा जास्तच वेळ बघते, हे त्यांच्याही लक्षात आलंय. निदान व्हायला सहा वर्षं लागली. त्या काळात दोनदा एंडोस्कोपी झाली, दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल या शब्दाने बहुतेकांना हायसं वाटतं. आमच्यासाठी तो दार बंद होण्याचा आवाज असतो. मला ताण आहे, मी मनाला लावून घेते, मी फार विचार करते, असं मला इतक्या जणांनी समजावलं की पुढे पुढे मी स्वतःच डॉक्टरांना आधी तेच सांगून टाकत असे. एंडोस्कोपीत जठराचं अस्तर दिसतं. जठर किती वेगाने रिकामं होतंय हे त्यात दिसत नाही, ही साधी गोष्ट मला सहाव्या वर्षी कळली.

मग ज्या तपासणीने निदान झालं ती तशी साधीच. उपाशीपोटी जायचं. अंड्यातल्या पांढऱ्या भागात किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळून, पावाबरोबर आणि जॅमबरोबर खायला देतात. मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं: खाल्ल्याबरोबर एकदा, मग एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी. मधल्या वेळात बाकड्यावर बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही. चार तासांनंतरही दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं असेल, तर ते मंद. माझं सत्तावीस टक्के उरलं होतं. तंत्रज्ञाने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, सकाळचं अजून इथेच आहे." मला रडू फुटलं, आणि तो बिचारा गडबडून पाणी आणायला धावला. त्याला कसं सांगू, की सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पोटात काहीतरी आहे असं म्हटलं होतं!

कारण विचारलं तर उत्तर आलं, इडिओपॅथिक. मधुमेहाने असं होऊ शकतं, काही शस्त्रक्रियांनंतर होऊ शकतं, पण अनेकांच्या बाबतीत कारणच सापडत नाही. तेव्हा हा भारदस्त शब्द वापरतात. माझ्या हिशेबी त्याचं सरळ मराठी भाषांतर एकच: यावर पुरेसं संशोधन झालेलं नाही.

औषधांची कथा आणखी लहान. अमेरिकेत या आजारासाठी अधिकृत मान्यता असलेलं औषध आहे एक, मेटोक्लोप्रमाइड. चाळीस वर्षांहून जुनं. २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण ते दीर्घकाळ घेतल्याने चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कधीकधी औषध बंद केल्यावरही थांबत नाहीत. बारा आठवड्यांपेक्षा जास्त घेणं टाळा, असं त्यावर लिहिलेलं असतं. आजार जन्मभराचा, औषध बारा आठवड्यांचं.

तुम्ही म्हणाल, संशोधन म्हणजे कंपन्यांचं काम, सरकारने त्यात कशाला पडायचं? याचं उत्तर द्यायला मला जरा मागे जावं लागेल. थोडं लांबेल, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. थेट जठरात उघडणारी खिडकीच ती. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्या खिडकीतून रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले, पाचकरस काढून बाटलीत साठवला. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे त्याच्या प्रयोगांनी पक्कं केलं. रागाच्या भरात पचन बिघडतं, हेही त्याने नोंदवून ठेवलं. १८३३ मध्ये त्याची निरीक्षणं छापून आली. या प्रयोगांवर त्याचा पदरचा बराच पैसा गेला होता, तेव्हा भरपाईसाठी त्याने अमेरिकेच्या काँग्रेसकडे अर्ज केला. तो मंजूर झाला नाही.

थोडक्यात, पोटाच्या संशोधनासाठी लोकप्रतिनिधींचं दार वाजवणारे आम्ही पहिले नाही. नकार ऐकणारेही पहिले नाही.

(सेंट मार्टिनचं पुढे काय झालं ते इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गरिबीमुळे त्याने हे सगळं सोसलं, अधूनमधून पळूनही गेला. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना शवविच्छेदन करता येऊ नये म्हणून घरच्यांनी देह मुद्दाम कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल पुरला. संशोधनात रुग्णाला विचारात घ्या असं आम्ही म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस असतो.)

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मांजराला बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा धातू) मिसळलेलं अन्न देऊन त्याच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. मांजर बिथरलं की हालचाल थांबे. शांत झालं की पुन्हा सुरू. म्हणजे मेंदू आणि आतडं एकमेकांशी बोलतात, हे सव्वाशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. वर सांगितलेल्या 'फंक्शनल' विकारांची व्याख्या ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांना 'आतडं आणि मेंदू यांच्यातील संवादाचे विकार' असं नाव दिलं ते २०१६ मध्ये. मधल्या काळात "सगळं तुमच्या मनात आहे" हे वाक्य किती रुग्णांना ऐकावं लागलं असेल, ते मोजायला कुठलंच सर्वेक्षण पुरणार नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे, चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं सेरोटोनिन हे रसायन शरीरात बहुतांशी तिथेच तयार होतं. मग ते 'मनात' म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न मला आजही कुणाला तरी विचारायचा आहे.

अल्सरचं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. जठरातल्या व्रणांचा दोष वर्षानुवर्षं ताणाला, तिखटाला आणि स्वभावाला दिला गेला. ऑस्ट्रेलियातले रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल म्हणत होते की मूळ एका जिवाणूत आहे. त्यांचं कुणी मनावर घेईना. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूचं द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने अशा रुग्णांना प्रतिजैविकं द्या असं सांगितलं, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. डॉक्टरने स्वतःच्या घशाखाली जंतू ओतावेत तेव्हा कुठे लक्ष जावं, ही काही शोध लावायची पद्धत नव्हे. १९८४ ते १९९४ ही दहा वर्षं जे लोक "ताण घेऊ नका" ऐकत रक्ताच्या उलट्या करत राहिले, त्यांचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

पण तुम्हाला मी एकच गोष्ट सांगू शकणार असेन, तर ती अल्सरची नसेल. ती मीठ-साखरेच्या पाण्याची असेल. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग इथल्या एका परिसंवादात रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं, की आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेते ती सोडियमबरोबर जोडीने. या वाक्याचा तेव्हा कुणाला काय उपयोग वाटला असता? त्या वर्षी तुमच्यासारख्या सभागृहात कुणी विचारलं असतं की या संशोधनातून जनतेला काय मिळणार, तर खुद्द क्रेनलाही समाधानकारक उत्तर देता आलं नसतं. पण सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की पाठोपाठ पाणीही जातं. पटकीने (कॉलऱ्याने) आतडं पाणी बाहेर फेकत असतानाही हे दार उघडं राहतं. यावर पुढच्या काही वर्षांत जलसंजीवनी उभी राहिली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन संपल्यावर पिंपांत हे पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाचं वर्णन शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असं केलं.

मीठ आणि साखर यांचं पेटंट घेऊन कुठली कंपनी श्रीमंत होणार होती? म्हणून म्हणते, सगळं कंपन्यांवर सोडता येत नाही. आतडं काम कसं करतं हे नुसतं समजून घेण्यासाठीही कुणीतरी सार्वजनिक पैसा घालावा लागतो, आणि तो परत कधी, कुठून येईल हे आधी सांगता येत नाही.

अहवालांची मात्र आम्हाला कधीच टंचाई पडली नाही. अमेरिकेने १९७६ च्या कायद्याने पचनविकारांवर राष्ट्रीय आयोग नेमला. पुढे तसाच दुसरा आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल २००९ मध्ये आला. २०११ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात आतड्यांच्या कार्यात्मक आणि गतीच्या विकारांवरील संशोधन वाढवण्यासाठी विधेयक मांडलं गेलं. रुग्णांनी त्यासाठी चपला झिजवल्या. नंतरही ते नव्याने मांडलं गेलं. कायदा झाला नाही. तिथे पचनविकारांना स्वतंत्र संस्थासुद्धा नाही, मधुमेह आणि मूत्रपिंड यांच्याबरोबर एकाच छपराखाली तिघांचा संसार आहे. एका घरात तीन भावंडं असली की कमी बोलणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे सांगायला नको.

बोलणाऱ्यांना मिळतं, हेही आम्ही पाहिलं आहे. डिसेंबर १९६९ मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली, आणि १९७१ च्या डिसेंबरात कायद्यावर त्यांची सही झाली. १९९० च्या मे महिन्यात एड्सच्या रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या आवारातच धडक दिली. त्यांचा आम्हाला हेवा वाटत नाही, आदर वाटतो. मला त्यांच्या ताटातलं काढून आमच्या ताटात वाढलेलं नको आहे. कर्करोगाच्या रुग्णाशी निधीसाठी झुंज लावली, तर नैतिकदृष्ट्या मी पहिल्याच फेरीत हरेन, आणि हरायलाच हवं. पण मग अशी झुंज लावायचीच कशाला?

"तुमचा आजार जीवघेणा थोडाच आहे," असं मला एकदा ऐकवलं गेलं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मी निरुत्तर झाले, आणि परतीच्या वाटेवर सगळी उत्तरं सुचली. क्रोहन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार, असलेल्या माणसाचं आतडं पुन्हा पुन्हा कापावं लागू शकतं. नळीतून शिरेवाटे पोषण घेणाऱ्याला रक्तात जंतुसंसर्ग होण्याची टांगती तलवार असते. आणि जे मरत नाहीत ते काय करतात? ते नोकरीत बढती नाकारतात, कारण बढतीत फिरती असते. परीक्षेच्या दिवशी शेवटच्या बाकावर, दाराजवळ जागा मागतात आणि का ते सांगत नाहीत. आमच्या सातांतल्या एका आईचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर तो स्वतःच 'येणार नाही' लिहून आणतो, तिला विचारतही नाही. मृत्युदराच्या रकान्यात यातलं काहीच येत नाही.

आमच्या बाजूचाही एक दोष कबूल करते. घायकुतीला आलेला रुग्ण काहीही मागू शकतो. आयबीएसवरचं ॲलोसेट्रॉन हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मागे घेतलं गेलं, कारण काही रुग्णांच्या मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, काही दगावले. ज्यांना त्याने गुण आला होता त्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि २००२ च्या जूनमध्ये कडक अटींसह ते परत आलं. आमच्या गटात या प्रकरणावर अजूनही दोन तट आहेत. काही जण याला विजय मानतात. मला त्यात पर्याय नसलेल्या माणसांची अगतिकता जास्त दिसते. धोकादायक औषध परत द्या, अशी विनवणी करायची वेळ येते तेव्हा संशोधन कुठेतरी फार मागे राहिलेलं असतं. म्हणून सुरक्षिततेचे निकष सैल करा, असं आम्ही म्हणत नाही. निवडायला काहीतरी असू द्या, एवढंच म्हणतो.

मग नेमकं मागणं काय? पचनविकारांच्या संशोधनाला स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात वेगळी नोंद, द्या. 'इतर आजार' या गाठोड्यात आम्हाला बांधू नका, कारण तिथून आमचा पैसा कुणाच्या नावावर खर्च झाला हे शोधून काढता येत नाही. निधी एका वर्षाचा नको. आतड्याच्या चेतापेशींवर काम करणारी प्रयोगशाळा मार्चअखेरीस बंद करून जूनमध्ये पुन्हा उघडता येत नाही. तोवर हाताखालची मुलं दुसरीकडे गेलेली असतात. त्यातला ठरलेला हिस्सा मूलभूत संशोधनासाठी राखा आणि त्याला 'उपयोग काय' हा प्रश्न दर सहा महिन्यांनी विचारू नका. क्रेनची आठवण ठेवा. रुग्णांची मोजदाद करा, आणि ती करताना माणसाला समोर बसवून घरच्यांच्या देखत विचारू नका. कशावर आधी संशोधन व्हावं हे ठरवणाऱ्या समितीत रुग्ण असू द्या, तेही छायाचित्रापुरते नकोत. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की वेदनेपेक्षा मळमळीने माझं आयुष्य जास्त खाल्लं आहे.

अमुक सालापर्यंत अमुक आजार बरा करू, अशी घोषणा मात्र कृपा करून करू नका. तिचा फलक होतो, औषध होत नाही.

कायदा करणाऱ्यांच्या मनात आलं तर किती सहज होतं, याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात क्रोहन्स असलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला दुकानातलं स्वच्छतागृह वापरू दिलं नाही, आणि तिची सर्वांसमोर फजिती झाली. तिने आणि तिच्या आईने आपल्या लोकप्रतिनिधीला गाठलं. २००५ मध्ये तिथे कायदा झाला, की अशा आजाराच्या ग्राहकाला दुकानातल्या कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू द्यावं लागेल. 'ॲलीज लॉ' म्हणून तो ओळखला जातो, आणि नंतर इतर राज्यांनीही तसे कायदे केले. संशोधनाच्या निधीपुढे ही बाब लहान वाटेल. पण त्या मुलीने सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सभागृहापर्यंत नेली, आणि समोरचं कुणी हसलं नाही.

पुढच्या अधिवेशनात आम्ही पुन्हा येत आहोत. ताईंनी पंपाची बॅटरी बदलून घेतली आहे, तरी तो मध्येच वाजला तर दचकू नका. सोबत मागच्या निवेदनाच्या पोचेची प्रत जोडली आहे. भेटीची वेळ कळवताना स्वच्छतागृह कुठे आहे तेवढं त्याच पत्रात लिहायला आपल्या कार्यालयाला सांगाल, तर सुरक्षारक्षकाचाही वेळ वाचेल.

आणि दाराशी माझ्याशी हलक्या आवाजात बोललेल्या सदस्यांसाठी: नव्या निवेदनाखाली सात सह्या झाल्या आहेत. आठवी ओळ कोरी ठेवली आहे.

आपली,
त्या सात सह्यांपैकी तिसरी